खाटकाची साक्ष

खाटीक जनावराला कधी घाबरवत नसे. सांगायला सोपं आहे, करायला महाकठीण. मेंढी आवारातून आत येते तेव्हा तिला रक्ताचा वास लागतो, तिचे कान मागे जातात, पाय फरशीवर रुततात. कच्चा माणूस नेमकी तिथंच घाई करतो, ओढतो, लाथ घालतो. हा तसलं काही करायचा नाही. तिच्या हनुवटीखाली तळवा धरायचा, बरगडीला गुडघा नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, आणि तोंडानं काहीबाही पुटपुटत राहायचं. मग सुरी अशी जायची, की आपण मेलो हे मेंढीला कळायला वेळच मिळायचा नाही. रोज दहा-बारा, शनिवारी वीस, अशी तीस वर्षं. पहिलं रक्त किती वीत लांब उडतं हे त्याला तोंडपाठ होतं, आणि ते अंगावर येऊ नये म्हणून कुठं उभं राहायचं तेही.

गडी धिप्पाड. दुकानाच्या दारात उभा राहिला की आत अंधार पडायचा. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. पण खाटकाच्या हाताला दोन बोटं कमी असली तर विचारतो कोण? हाडं कापायच्या करवतीत गेली असतील, असं लोक आपसूकच धरून चालायचे. त्यानंही कधी कोणाला नाही म्हटलं नाही.

खरं काय ते मी आत्ताच सांगून टाकतो. उगाच ताणून धरायची मला सवय नाही. ती बोटं बायकोनं तोडली होती.

तोडली ती बरं केलं, हेही सांगतो. त्याच्या बापानं त्याला दोनच गोष्टी शिकवल्या, सुरीला धार कशी लावायची आणि बायकोला धाकात कसं ठेवायचं. पहिली त्यानं बापापेक्षा चांगली शिकून घेतली. दुसरी जशीच्या तशी उचलली. लग्नाच्या पाचव्या वर्षी एकदा शर्ट वाळला नव्हता म्हणून त्यानं बायकोचा जबडा मोडला. शर्ट! दवाखान्यात ती म्हणाली जिन्यावरून पडले, आणि डॉक्टरनं तसंच लिहून घेतलं. सहा आठवडे जबडा तारेनं बांधलेला, नळीनं सूप ओढत होती बिचारी. या बाबाची मेंढ्यांशी मात्र तेव्हाही तीच माया. हनुवटीखाली तळवा, आणि पुटपुटणं.

तार निघाल्यावर आठवड्याभरातली गोष्ट. दुपारी तो जेवायला आला. चार वर्षांची पोर शेजारी खेळत होती. ताटातलं गार होतं, म्हणून त्यानं डावा हात टेबलावर टेकून उजवा उगारला. बायकोनं उगारलेल्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचाच जुना सत्तूर तिनं पदराआड धरला होता, तो दोन्ही हातांनी टेबलावरच्या डाव्यावर आणला. ठक्क! एकच घाव. त्याच्या धंद्यात असा घाव शिकायला वर्ष लागतं. मग टॉवेलनं त्याचा हात तिनंच गच्च बांधला आणि सांगितलं, "पुन्हा हात उगारलात तर मनगट." त्याच दुपारी पोरीला उचलून ती बहिणीकडे गेली, ती एकोणीस महिने आली नाही. तो दर रविवारी त्या घरासमोर जाऊन उभा राहायचा. वरच्या खिडकीतून साडू डोकं बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "आजही नाही म्हणते." हा मान खाली घालून परत फिरायचा.

त्या एकोणीस महिन्यांत तो बदलला. आधी भीतीनं, मग लाजेनं. एकदा मेंढीच्या हनुवटीखाली तळवा धरलेला असताना त्याच्या मनात आलं, हा हात मी बायकोच्या तोंडाशी असा कधी धरलाय? त्या दिवशी त्यानं मेंढी परत आवारात सोडली आणि दुकान बंद करून रडला. पुढं बायको परतली, आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं. तेव्हापासून बावीस वर्षं घरात त्याचा हात सोडा, आवाजसुद्धा चढला नाही. पोरीला दोघांनी सांगितलं होतं की मावशी आजारी होती म्हणून तिकडं राहिलो, आणि बाबांचा हात करवतीत गेला. पोर त्यावर विसंबून मोठी झाली.

आता ते पुस्तक.

'निधडा पुरुष' असं त्याचं नाव. मुखपृष्ठावर एक माणूस डोंगराच्या टोकावर पाठमोरा उभा, हातात कुऱ्हाड. डोंगरावर झाड एकही नाही, तेव्हा कुऱ्हाड कशासाठी नेली होती ते लेखकालाच माहीत. खाटीक त्याला 'कुऱ्हाडवालं पुस्तक' म्हणायचा. नव्या पाळकांनी कुठूनसं त्याचं खोकंच्या खोकं मागवलं आणि चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी पुरुषांची संगत सुरू केली. वाचून दाखवायचं काम खाटकाच्या जावयाकडे. जावई विमा कंपनीच्या कचेरीत, कपडे इस्त्रीचे, नखं अशी स्वच्छ की ताटात वाढून घ्यावीत. आवाज खणखणीत. खाटकाच्या मुलीशी लग्न होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

पुस्तकाचं म्हणणं असं, की देवानं पुरुष घडवला तो रानटी, लढाऊ, सिंहासारखा, आणि जगानं, शाळेनं आणि मुख्य म्हणजे आयांनी त्याचा शेळपट करून टाकला. प्रत्येक पुरुषाला एक युद्ध हवं, एक डोंगर हवा, आणि बुरुजात अडकलेली एक बाई हवी. प्रभू येशू तर पानोपानी सुताराचे दंड दाखवत व्यापाऱ्यांची मेजं उलथतोय. दुसरं काही करतच नाही. खाटकाच्या बायकोनं चष्मा लावून ते पुस्तक अर्ध्या दुपारात चाळलं आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, यात त्यानं शिष्यांचे पाय धुतल्याचं पान गळालंय का? की छापलंच नाही?"

"मी कुठं वाचलंय सगळं," खाटीक म्हणाला.

"आणि बायका कुठं आहेत? एक बुरुजावर बसलीये वाट बघत. तिला जिना सापडत नाही का?"

खाटीक हसला. पण खोटं कशाला बोला, शनिवारची सकाळ त्याला आवडायला लागली होती. चष्मेवाला औषध दुकानदार, शाळेतले हिशेबाचे मास्तर, दोन कारकून, एक दाताचा डॉक्टर, सगळी सालस, पोट सुटलेली माणसं. ती त्याच्याकडे अशी बघायची की हा त्या मुखपृष्ठावरून उतरून आलाय. "भाऊ, तुम्ही खरे निधडे. तुम्ही रोज रक्त बघता." त्याला आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. लोक त्याच्याकडून मटण न्यायचे आणि हात मिळवायचं टाळायचे. इथं मात्र त्याच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून मास्तर लवकर यायचे.

मग पाळकांनी त्याला साक्ष द्यायला सांगितलं. प्रभूनं आपल्याला कसं बदललं, ते भरल्या चर्चमध्ये उभं राहून सांगायचं. आदल्या दिवशी खाटकानं पाळकांच्या खोलीत बसून सगळं सांगितलं, सत्तुरासकट. पाळक बराच वेळ टकलावरून हात फिरवत राहिले.

"भाऊ, साक्ष ऐकून माणसाला बळ यायला हवं," ते म्हणाले. "सत्तूर काढून टाकू. बायाबापड्या ऐकणार, भलताच अर्थ घेतील. तुमच्या पत्नीनं सोसलं, हे खरं ना?"

"सोसलं."

"प्रार्थना केली?"

"केली असेल."

"झालं तर मग. तिनं तीन वर्षं सोसलं, तोंडातून शब्द काढला नाही, गुडघ्यावर प्रार्थना केली, आणि सिंह शांत झाला. पाचव्या धड्यात हेच आहे."

तीन वर्षं हा आकडा पाळकांनी कुठून काढला देव जाणे. खाटीक मात्र नाही म्हणाला नाही. का म्हणाला नाही, तर बाईनं आपल्याला कापलं हे त्या शनिवारच्या मंडळींना कळू नये म्हणून. लाज वाटली त्याला. जबडा मोडल्याची लाज त्याला जगासमोर सांगता येत होती, बोटं तुटल्याची येत नव्हती. आता बोला!

रविवारी त्यानं तशीच साक्ष दिली. लोक रडले. मास्तरांनी नाक शिंकरलं. तिसऱ्या बाकावर त्याची मुलगी बसली होती, जावयाच्या शेजारी, अंग चोरून. डोळ्याची पापणी न लववता ती बापाचा शब्द न् शब्द पीत होती. बापाला वाटलं, पोरीला आपला अभिमान वाटतोय.

घरात शिरल्यावर बायको पर्स टेबलावर ठेवून म्हणाली, "मी थांबले होते म्हणे! तीन वर्षं म्हणे! मला तर माहीतच नव्हतं."

"अगं, पाळक म्हणाले..."

"पाळकांचा जबडा मोडला होता का? मला मोठेपणा नको, पण पोरीनं ऐकलंय ते. तिला खरं काय ते सांगा. मी सांगितलं तर तुमची चहाडी केल्यासारखं होईल, तुम्ही सांगितलंत तर सुधारल्यासारखं. तुम्ही घोळ घातलाय, तुम्हीच निस्तरा."

"सांगतो."

पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "सांगितलंत का?" हा सुरीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगितलं." बावीस वर्षांत बायकोशी बोललेलं ते त्याचं पहिलं खोटं. तिनंही विश्वास ठेवला. का ठेवू नये?

सातव्या धड्याचं नाव होतं 'रक्ताला सामोरा जा'. त्यात लेखक लिहितो, ज्या पुरुषानं आपल्या हातानं कधी जीव घेतला नाही त्याला जीव वाचवताही येत नाही. लेखकाचा मागच्या पानावर फोटो आहे, चौकड्यांचा शर्ट, मऊ हात, बहुधा कोंबडीचं पीससुद्धा उपटलेलं नसावं. पण संगतीतले सगळे पेटले. खाटकाचं आवार आहे, खाटीक आपलाच आहे, तर एका शनिवारी सकाळी तिथंच जमू आणि प्रत्येकानं एकेक मेंढी कापायची असं ठरलं. खाटकाला ते पटलं नव्हतं. "हा खेळ नाही," तो म्हणाला. जावई सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "बाबा, खेळ कोण म्हणतंय? युद्ध म्हणतोय आम्ही."

सातजण आले. सगळ्यांनी जुने कपडे घातले होते, तेही इस्त्री केलेले. खाटकानं एक मेंढी आणली आणि नीट दाखवलं. हनुवटीखाली तळवा. गुडघा टेकवायचा. घाई नाही, आवाज नाही. "तिला कळता कामा नये," त्यानं तीनदा सांगितलं. "तुम्ही घाबरलात की ती घाबरते. ती घाबरली की सुरी चुकते."

जावई पुढं आला. हनुवटीखाली तळवा त्यानं धरला खरा, पण त्याच्या हाताला कंप होता, तो मेंढीला कळला. तिनं मान झटकली. मागून कोणीतरी ओरडलं, "सिंहा, उठ!" आणि बाकीच्यांनी ती आरोळी उचलली. मेंढी बिथरली. तेव्हा जावयानं तिचा डावा कान मुठीत धरला, पिळला, आणि त्या कानानंच तिचं डोकं खाली ओढून आपल्या मांडीवर दाबलं. बरगडीत गुडघा घातला. काड्कन आवाज आला. मग सुरी चालवली, ती आडवीतिडवी, शीर सोडून श्वासनळीत.

अर्ध्या कापल्या गळ्यानं मेंढी सुटली. ओरडता येईना, नुसती शिट्टी वाजत होती गळ्यातून. ती भिंतीला धडकली, मास्तरांच्या पायात शिरली, रक्ताच्या चिळकांड्या सगळ्यांच्या शर्टांवर, चष्म्यांवर. औषध दुकानदार तिथंच भडाभडा ओकला. दाताचा डॉक्टर फाटकावर चढला. जावई तिच्यामागं धावला, घसरला, उठला, आणि तिच्या तोंडावर बुटानं लाथा घालायला लागला. एक, दोन, तीन. "ऐक! ऐक म्हणतो ना! ऐक!"

खाटकानं त्याला एका हातानं बाजूला फेकलं. मेंढीपाशी खाली बसला, तळवा धरला, आणि एका फटक्यात तिची सुटका केली. तो तसाच बसून राहिला, तिचं डोकं हातात घेऊन. डावा कान मुळापाशी फाटला होता. पिळून ओढलं की कान तसाच फाटतो, वरून खाली, मुळापाशी.

मागच्या रविवारी मुलीच्या डाव्या कानामागं पट्टी होती. "कानातलं अडकलं केसात," ती म्हणाली होती. त्याआधी बरगडीत उसण भरली होती म्हणून ती दोन रविवार चर्चला आलीच नव्हती. हात ओळखायला खाटकाला माणूस बघावा लागत नाही, जनावर बघितलं तरी पुरतं. कसा धरला, कुठं दाबला, किती वेळा मारला, सगळं मांसावर उमटलेलं असतं. जावयाचा हात त्यानं आत्ता पहिल्यांदा बघितला आणि त्याला सगळं कळलं.

तो उठला आणि फाटकातून बाहेर पडला. अंगात तोच रक्तानं भिजलेला एप्रन, कमरेच्या म्यानात सुरी. रस्त्यात कोणी वळूनही बघितलं नाही. खाटकाला रक्तात बघायची लोकांना सवय असते.

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिनं दार साखळी लावूनच किलकिलं केलं. खालचा ओठ फुगून काळानिळा, आणि वरचा समोरचा एक दात नाही. तिथं कापसाचा बोळा धरला होता तिनं. आदल्या संध्याकाळचं होतं ते.

"पडले, बाबा," ती म्हणाली.

"साखळी काढ."

तिनं काढली. स्वयंपाकघरात भाजी अर्धी चिरलेली. टेबलावर ते कुऱ्हाडवालं पुस्तक उलटं ठेवलेलं. खाटकाचा श्वास भात्यासारखा चालला होता. "चल. आहे तशी चल. आईकडे."

"नाही बाबा."

"अगं, दात पाडलाय त्यानं!"

"कळतंय मला, माझाच आहे तो." बोलताना तिच्या ओठातून पुन्हा रक्त आलं, ते तिनं बोळ्यानं टिपलं. मग लहान पोराला समजावतात तसं बापाला समजावत म्हणाली, "आई पण गेली नाही ना कुठं. तीन वर्षं सोसलं तिनं, हूं की चूं केलं नाही, आणि तुम्ही सुधारलात. तुम्हीच सांगितलंत, सगळ्या चर्चदेखत. तुमच्यासारखा माणूस सुधारला, मग हा का नाही सुधारणार? आठ महिने झालेत. दोन वर्षं आणि चार महिने राहिले."

खाटीक काही बोलणार एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि जावई आत आला, धापा टाकत, मेंढीच्या रक्तानं माखलेला.

"बाबा, हे माझं घर आहे," तो म्हणाला. आवाज अजून खणखणीत होता. "नवरा हा बायकोचं मस्तक, असं शास्त्रात लिहिलंय. इथं मस्तक मी आहे. तुम्ही संगतीत बसता, तुम्हाला मी काय सांगायचं?"

खाटकानं त्याला गळपट्टीला धरून उचलला आणि टेबलावर आपटला. चिरलेली भाजी, सुरी, ताटली, पुस्तक, सगळं फरशीवर. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी त्यानं जावयाचा कान धरला, पिळला, आणि डोकं टेबलावर दाबलं. गुडघा बरगडीत. बोटाएवढी जागा असते गळ्याला, तिथं कमरेची सुरी उपसून तिचं टोक टेकवलं. शीर सुरीखाली थडथड उडत होती. जावयाची दातखीळ बसली. त्याच्या विजारीतून पाणी टेबलावर आलं आणि टेबलावरून फरशीवर ठिबकायला लागलं.

"ओरड," खाटीक म्हणाला. "ऐक म्हणून ओरड ना आता. ओरड!"

बावीस वर्षं कोंडून ठेवलेलं जनावर सुटलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, त्याला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. सुरीचं टोक कातडीत गेलं, रक्ताचा एक थेंब आला, त्यामागून दुसरा.

मुलगी किंचाळली नाही. भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचा आवाज इतका थंड आला की खाटकाला वाटलं बायकोच बोलतेय. "सहाव्या धड्यात हेच आहे, बाबा. लेकीसाठी सुरी उपसणारा बाप. त्यानं मला वाचून दाखवलाय. कापा त्याला. मग मी तुम्हाला तुरुंगात डबा आणीन, आणि त्याच्यासाठी जन्मभर रडीन. आणि म्हणीन, थोडं थांबले असते तर सुधारला असता."

सुरी थांबली. ती खरंच तसं म्हणाली असती, हे त्याला स्वच्छ दिसलं. या माणसाला कापूनही पोर या घरातून सुटणार नव्हती. तिला इथं बांधून ठेवलं होतं ते जावयानं नव्हे. ते बांधणारा तो स्वतः होता.

त्यानं गुडघा काढला नाही, पण सुरी फरशीवर टाकली.

"थांबली नव्हती तुझी आई," तो म्हणाला.

"काय?"

"तीन वर्षं नाही, काही नाही. जबडा मोडला मी तिचा. तार निघाली, पुन्हा हात उगारला, तर तिनं सत्तूर घातला माझ्या हातावर. ही बोटं करवतीत गेलेली नाहीत. तिनं तोडली. आणि त्याच दिवशी तुला उचलून गेली मावशीकडे. मावशीला काही झालं नव्हतं, ठणठणीत होती. एकोणीस महिने मला दारात उभं केलं नाही तिनं."

मुलीच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं, ते पुसायचं तिला सुचलं नाही. "आणि प्रार्थना?"

"ती नंतर. आधी भीती. ती गेली म्हणून मी सुधारलो. राहिली असती तर मारली असती मी तिला. ठार मारली असती."

"मग चर्चमध्ये..."

"लाज वाटली मला. बाईनं कापलं हे सांगायची."

ती पुढं आली आणि तिनं बापाच्या थोबाडीत मारली. तिचा हात हलका नव्हता, खाटकाचीच पोर ती. त्याचं डोकं बाजूला फिरलं. दुसरी मारली. तिसरी. त्यानं हात वर केला नाही, मागेही सरला नाही, त्याच्या गुडघ्याखाली जावई होता.

"तीन वर्षं म्हणालात!" ती आता ओरडली, घसा फाडून. "मी मोजत होते! रोज मोजत होते मी! काल दात पडला तेव्हा तोंडात रक्त धरून मी मोजत होते, की अजून किती! तुमच्या लाजेपायी!"

मग तिनं चपला घातल्या. पिशवी घेतली नाही, कपडे घेतले नाहीत. दारात वळली. "माझ्यामागं येऊ नका. दोघंही."

ती जिना उतरत गेली. खाली रस्त्यावरचं दार आपटल्याचा आवाज येईपर्यंत खाटकानं जावयाला टेबलावर दाबून ठेवलं. मग आणखी पन्नास आकडे मोजले आणि सोडला. जावई फरशीवर घरंगळला, गळ्याला हात लावून रडायला लागला. "बाबा, परत येईल ना ती? तुमची आली होती ना?" खाटीक त्याला ओलांडून बाहेर पडला.

घराशी पोचला तेव्हा उन्हं डोक्यावर होती. बायको दारातच उभी होती. तिच्या पदराला लेकीच्या ओठाचं रक्त लागलेलं.

"सांगितलं म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी दोन महिने निर्धास्त होते. म्हटलं, पोरीला माहिती आहे, काही झालं तर ती थांबायची नाही."

तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, एप्रनवरचं रक्त बघितलं, कोणाचं ते विचारलंसुद्धा नाही. मग दार लावलं आणि आतून कडी घातली.

तो दाराशी उभा राहिला. आतून लेकीचा आवाज येत होता, बोबडा, दात नसल्यामुळे. ती एकेक गोष्ट विचारत होती. आणि आई तिला पहिल्यापासून सांगत होती, शर्ट वाळला नव्हता तिथपासून.